दुकान कुठं आहे तुमचं?

केनियात आल्यावर पहिले सहा महिने हा प्रश्न मला बाजारात, बसमध्ये, चर्चच्या आवारात, सगळीकडं विचारला गेला. इथं भारतीय माणसाला ‘मुहिंदी’ म्हणतात, आणि मुहिंदी म्हणजे दुकानदार हे शंभर वर्षांहून जुनं गणित आहे. रेल्वेच्या कामासाठी 1896 पासून आपल्याकडचे मजूर आले आणि त्यांच्या मागोमाग व्यापारी आले. आमच्याकडं दुकान नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न यायचा, मग इथं करता काय? शेतात काम करतो, मिशनच्या, असं सांगितलं की माणसं माझ्या हातांकडं बघायची.

नगर जिल्ह्यातल्या दोन-चार जणांनी फोन करून आम्ही इथं कसे आलो ते विचारलं, म्हणून सगळं सुरुवातीपासून लिहिते.

माझे मिस्टर कृषी खात्यात होते, राहुरी कृषी विद्यापीठाचे पदवीधर. मी बावीस वर्षं नर्स. 2022 मध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगा पुण्यात नोकरीला लागला होता. त्याच वर्षी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, केनियाचे एक पाळक, म्हणजे पास्टर, पाहुणे म्हणून आले होते. किटाले गावाजवळ त्यांच्या मंडळीची अकरा एकर जमीन होती. आसपासच्या तरुणांना तिथं शेती शिकवायची होती आणि त्यासाठी शेती कळणारं कुणीतरी हवं होतं. मिस्टरांनी त्या रात्री जेवताना एवढंच विचारलं, “जायचं का?” मी म्हटलं, “आधी तुमच्या आईंना विचारा.” सासूबाईंनी आठ दिवस उत्तर दिलं नाही. नवव्या दिवशी म्हणाल्या, “आपल्याकडंही साहेब-मडम बाहेरूनच आले होते. त्यांच्या आयांनी पण सोडलंच असेल.” नगरला अमेरिकन मिशनरी 1831 मध्ये आले. त्यांच्या गोष्टी आमच्या घरात अजून सांगतात. मडमेची मोडकी मराठी हा त्यातला हमखास हसण्याचा भाग. पुढं तो माझ्यावर उलटला.

कागदांचं काम सप्टेंबर 2023 ला सुरू झालं आणि पहिल्याच पायरीवर अडलं. माझ्या नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि चर्चच्या लग्ननोंदीत तिसरंच स्पेलिंग. ही तिन्ही माणसं मीच आहे हे परक्या देशाला पटवायचं तर राजपत्रात नावबदल छापून आणणं हाच सरळ रस्ता. महाराष्ट्रात तो अर्ज ऑनलाइन होतो. बाहेर जायचा नुसता विचार असला तरी बायकांनी हे काम आधी उरकून घ्यावं, बाकी सगळं त्याच्यावर उभं राहतं. त्यानंतर पदवी आणि लग्नाची कागदपत्रं राज्य पातळीवर आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करून घेतली. एजंटाशिवाय गेलो. दोन खेपा वाढल्या, पैसे वाचले.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतून मिळतो. फी माणशी 500 रुपये. चौकशीला ठाण्यात बोलावतात. तिथल्या हवालदारांनी विचारलं, “ताई, कशाला जाताय एवढ्या लांब?” मी म्हटलं, “मका लावायला.” त्यांनी मान वर केली नाही, पण शिक्का लगेच मारला.

वर्क परमिटचा अर्ज नोव्हेंबर 2023 मध्ये तिकडच्या मंडळीनं ऑनलाइन भरला. केनियात परमिटचे वर्ग इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. मान्यताप्राप्त धार्मिक किंवा सेवाभावी संस्थेत काम करणाऱ्यांसाठी ‘आय’ वर्ग आहे. अर्ज यजमान संस्थेनंच करायचा असतो. संस्थेचं नोंदणीपत्र, विनंतीपत्र, फोटो, पासपोर्टच्या प्रती, शिक्षणाचे दाखले, पोलिसांचा दाखला. परमिट एकाच्या नावानं निघतं आणि जोडीदाराला डिपेंडंट पास. तो पास असलेल्याला नोकरी करता येत नाही. ही ओळ मी तेव्हा वाचली आणि पुढं गेले. फी मधल्या काळात बदलली, म्हणून आकडा देत नाही. पोर्टलवर त्या दिवशी दिसेल तोच खरा.

आमचा हिशेब सोपा होता. तीन महिन्यांत परमिट, फेब्रुवारीत प्रवास, मार्चअखेर पाऊस आणि पेरणी. फेब्रुवारी आला, स्क्रीनवर ‘प्रक्रियेत’ एवढंच. मार्च गेला. एप्रिलमध्ये केनियात भयंकर पूर आले, बातम्या बघवत नव्हत्या. तोवर पोलिसांचा दाखला सहा महिन्यांहून जुना झाला होता, म्हणून नवा मागितला. पुन्हा 500, पुन्हा तेच हवालदार. “मका लावला नाही का अजून?”

खरं सांगते, ते तीन महिने सगळ्यांत वाईट होते. घरातलं सामान अर्धं वाटून झालेलं. मंडळीनं निरोपाची उपासना फेब्रुवारीतच उरकली होती, हार-शाल सगळं. त्यानंतर दर रविवारी आम्ही त्याच बाकावर बसलेलो. लोक हसून म्हणायचे, “अजून इथंच?” निरोप समारंभ तिकीट हातात आल्याशिवाय घेऊ नये, एवढं मी शिकले.

मंजुरी मे महिन्यात आली. मग घाई. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तिथं माणशी 300 रुपये लागले, आणि पिवळं कार्ड मिळतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी हवी. आता ती जन्मभर चालते. हे कार्ड जाताना जितकं लागतं त्याहून जास्त परत येताना लागतं. केनियातून कार्डाशिवाय भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवू शकतात. बँकेत जाऊन बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची, करून घेतली, कारण परदेशी कामाला गेल्यावर साधं खातं तसंच ठेवायचं नसतं. केनियानं जानेवारी 2024 पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास-परवाना सुरू केला होता, ईटीए म्हणतात त्याला. त्याचे साधारण 30 डॉलर. मुंबई-नैरोबी दोन तिकिटं 58 हजारांना पडली. सामानात मी हळद, गोडा मसाला, लोखंडी तवा आणि भाकरीची परात घेतली. स्वेटर एकच घेतला, आफ्रिकेत कशाला लागतोय म्हणून. किटाले समुद्रसपाटीपासून जवळजवळ 1,900 मीटरवर आहे. पहिल्या रात्री आम्ही दोघं एकाच शालीत बसून होतो.

उतरलो 16 जून 2024, रविवारी. मंगळवारपासून नैरोबीत नव्या करांविरुद्ध तरुणांचे मोर्चे सुरू झाले आणि पुढच्या मंगळवारी, 25 तारखेला, जमाव संसदेत शिरला. आम्ही पाहुणेघरात, खिडकीतून धूर दिसत होता. परमिटचा शिक्का आणि परदेशी नागरिकाचं ओळखपत्र ही दोन कामं राहिली होती. ओळखपत्र नव्वद दिवसांच्या आत काढावं लागतं, बोटांचे ठसे देऊन. ठसे देण्यासाठी आम्हाला तीन वेळा जावं लागलं, दोनदा रस्तेच बंद होते. शेवटी जुलैच्या पहिल्या आठवड्यात बस धरली. नैरोबी ते किटाले दिवसाचा प्रवास, माणशी 1,500 शिलिंग. तेव्हा एक शिलिंग म्हणजे आपले 65 पैसे धरा. नैरोबीतच पासपोर्ट दाखवून सिमकार्ड आणि त्यावर एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची सोय, सुरू करून घ्या. इथं भाजीवाली, मोटरसायकलवाला, चर्चचं दान, सगळं त्यावर चालतं.

शेतावर पोचलो तेव्हा मका आमच्या खांद्याला लागत होता. पेरणी त्यांची त्यांनीच केली होती, अगदी सरळ ओळीत. ज्या कामासाठी आम्ही आलो ते आमच्याशिवाय नीट झालं होतं. मिस्टर बांधावर उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “बरं झालं. आता निदान बघायला मिळेल.”

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं छप्पर, पावसाच्या पाण्याची टाकी. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी तीननंतर रोज पाऊस, त्या पत्र्याखाली एकमेकांशी बोलताही येत नाही. विषुववृत्त इथून एका अंशावर आहे, म्हणून बारा महिने उजाडतं साडेसहाला आणि मावळतं साडेसहाला. पहाटे साडेपाचला गाई. दोन आयरशायर गाई, दूध हातानं काढायचं. आठवड्याला गोचिडांची फवारणी, ती चुकवायची नाही. आम्ही एकदा दहा दिवस चुकवली आणि वासरू गेलं. गोचीडतापाचाच हा भाऊबंद, ईस्ट कोस्ट फिव्हर म्हणतात. गाठी सुजतात, धाप लागते, आणि औषध येईपर्यंत वेळ गेलेली असते. शेजारणी आल्या, प्रत्येकीनं हात हातात घेऊन “पोले” म्हटलं. हा शब्द मला फार आवडतो. ठेच लागली, आजारी पडलात, दमलात, कुणी वारलं, सगळ्याला पोले. चूक कुणाची हे त्यात येत नाही.

भाषेबद्दल थोडं. स्वाहिली शिकायला घाबरू नका, अर्धं आपलंच सामान आहे. गोणीला गुनिया. डब्याला देबे, मका मोजतात तो वीस लिटरचा पत्र्याचा डबा. दुका, पेसा, चाय, चपाती, रंगाला रांगी, गाडीला गारी, विम्याला बीमा, कोशिंबिरीला कचुंबारी. आणि मक्याला? महिंदी! मुहिंदी म्हणजे भारतीय माणूस आणि महिंदी म्हणजे मका. मिस्टरांनी पहिल्याच सभेत ओळख करून देताना दोन्ही शब्दांची अदलाबदल केली आणि आपण नगरचा मका आहोत असं सांगितलं. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की फोन नणंदेनं घेतला. मडमेच्या मराठीचा हिशेब चुकता झाला.

घड्याळाचं मात्र आधीच ध्यानात ठेवा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. गावच्या चीफनं, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यानं, आम्हाला बराझाला, गावसभेला, ‘सा ताटू’ला बोलावलं. ताटू म्हणजे तीन. आम्ही जेवून, कपडे बदलून बरोबर तीनला गेलो. सभा सकाळी नऊलाच झाली होती. आमची गावाशी ओळख करून देण्यासाठीच ती भरवली होती. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. चीफ म्हणाले, “पोले.”

माझं दुखणं वेगळं होतं. नर्स आली आहे हे आठवड्यात सगळीकडं झालं. पहाटे दारात बायका, कुणाचं मूल तापलेलं, कुणाच्या पायाला पांगा लागलेला, म्हणजे कोयता. माझ्याकडं डिपेंडंट पास. शिवाय इथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नाही. जखम धुऊन फडकं बांधायचं आणि दवाखान्यात पाठवायचं, एवढंच. बावीस वर्षं सुई धरलेले हात मागं बांधून उभं राहायचं. एका रात्री मी मिस्टरांवरच ओरडले, “तुमचं परमिट, तुमची शेती, मी काय भांडी घासायला आले का?” ते काही बोलले नाहीत. सकाळी माझ्या आधी उठून त्यांनी भांडी घासलेली होती. राग गेला नाही, पण चहा एकत्र प्यायलो. जोडप्यानं जाणार असाल तर दोघांचं काम काय हे कागदावर आधी ठरवून घ्या. दुसऱ्याला परवाना लागत असेल तर तो अर्जही सोबतच सुरू करा. माझ्या नोंदणीची फाइल मी सहा महिने उशिरा उघडली, अजून चालू आहे. तोवर मी मोटरसायकलवाल्याचा नंबर आणि दवाखान्याच्या वेळा दारावर खडूनं लिहून ठेवल्या. तापलेल्या पोराबरोबर मागं बसून जाते. त्याला कुठलाच पास लागत नाही.

मिस्टरांचं शिकवणंही त्यांना वाटलं तसं झालं नाही. आमच्या नगरला चिंता पाण्याची आणि काळ्या, चुनखडीच्या जमिनीची. बांधबंदिस्ती, ठिबक, अच्छादन, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. इथं पाऊस भरपूर आणि तांबडी जमीन आम्ल. वर्षानुवर्षं डीएपी खत टाकून ती आणखी आम्ल झालेली. माती तपासून घेतली तर सांगितलं, चुना टाका. चुना! नगरला ज्या चुन्यानं आयुष्यभर छळलं तो इथं विकत आणून शेतात टाकायचा. तपासणीचा कागद हातात धरून ते दिवसभर हसत होते. अच्छादनाची पद्धत मात्र उपयोगी पडली, धुपीसाठी. अमेरिकन लष्करी अळी तर जुनी ओळखीची निघाली. ती इथं 2017 च्या सुमाराला आली, आपल्याकडं 2018 ला. पोंग्यात माती आणि राख टाकायची युक्ती इथल्या बायका आधीपासून करत होत्या. शिकाऊ मुलं चौदा, त्यातल्या पाच मुली. त्यांनी मिस्टरांना जेंबे, म्हणजे इथली कुदळ, कमरेतून न वाकता कशी चालवायची ते शिकवलं. पाठदुखी निम्म्यावर आली.

काढणी नोव्हेंबरमध्ये. ताटं कापून शेतातच शंकूसारखे उभे ढीग लावतात, कडबा रचल्यासारखे. मग कणसं मोडायची, मळणीयंत्र भाड्यानं आणायचं आणि ताडपत्रीवर वाळवायचं. ओलावा साडेतेरा टक्क्यांवर आला की गोणीत भरायचा. ओला भरला तर विषारी बुरशी येते. वाळवणीच्या दिवसांत ढग आले की बाया, पोरं, पाळक, सगळे ताडपत्रीची टोकं धरून धावतात. 90 किलोच्या गोण्या, एकरी अठरा पडल्या. चांगलं शेत वीसच्या वर देतं. भाव तीन हजार शिलिंगांच्या आसपास मिळाला. खर्च वजा जाता जे उरलं त्यातून मुलांचं जेवण आणि पुढचं बियाणं. 2025 ला सरकारी सवलतीचं खत घेतलं, 50 किलोची पिशवी 2,500 शिलिंग. त्यासाठी शेतकरी म्हणून नोंदणी लागते. ती शेताच्या व्यवस्थापकाच्या नावे केली.

आमच्या दोघांचा महिन्याचा खर्च 40 हजार शिलिंगांच्या आत बसतो, घरभाडं नाही म्हणून. रोजचं जेवण उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकुमा विकी नावाची पालेभाजी. नावाचा अर्थच ‘आठवडा ढकला’. तिसऱ्या महिन्यात मला भाकरीवाचून रडू आलं. मग बाजारात एका आजीकडं म्तामा दिसला, तांबडी ज्वारी. गिरणीवाल्याला दळायला दिली तर तो म्हणाला, ही तर लापशीची. नगरच्या तव्यावर भाकरी थापली, रंग वीटकरी, चव थोडी तुरट, पण फुगली. शेजारणी बघायला आल्या. एकीनं हातावर घेऊन थापायचा प्रयत्न केला आणि पहिल्याच झटक्यात माझ्यापेक्षा पातळ केली. नाचणीलाही इथं विंबी म्हणतात. ती तर आफ्रिकेतूनच हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडं आली. आपल्याला आंबील माहीत आहे, इथं तिची उजी.

रविवारची उपासना तीन तास. पहिल्या वर्षी मला संदेशातलं निम्मं कळायचं नाही, मी बायकांच्या चेहऱ्यांवरून मान हलवायचे. लोक आम्हाला ‘मिशनरी म्हणून काय काय केलं’ असं विचारतात तेव्हा मी अडखळते. वासरू गमावलं, ताडपत्र्या ओढल्या, अंत्यविधींना गेलो, खूप अंत्यविधींना. प्रार्थना केली, ती तर नगरलाही करत होतो.

कधीतरी मधेच मुहिंदी हे नाव मागं पडलं. कधी ते आठवत नाही. इथं बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, ‘मामा’ आणि पुढं मुलाचं नाव. अगदी आपल्या गावात ‘अमक्याची आई’ म्हणतात तसं. पुण्यातला माझा मुलगा किटालेच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, “आई, माझी तिथं उधारी करू नकोस.”

आता परमिट जून 2026 ला संपेल. नूतनीकरणाची तयारी सुरू केली आहे. या वेळी पोलिसांचा दाखला नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयातून मागवायचा. सगळे मूळ कागद मी एका प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवते, आत तांदळाची पुरचुंडी, दमटपणाला. तुम्हीही ठेवा, इथं पासपोर्टलाही बुरशी येते.

या नोव्हेंबरात महिला गटानं हवाबंद गोण्या घाऊक आणायचं ठरवलं. मका त्यात सोंड्याशिवाय राहतो. एकेकटीनं घेतली तर महाग पडते, शंभर एकदम आणल्या तर स्वस्त. ठेवायला कोरडी जागा आमच्याच कोठीत होती. बायकांनी फळी ठोकली, वही घातली, पाळीपाळीनं एकजण बसते, मी फक्त किल्ली सांभाळते. पहिल्या दिवशी ज्वारीवाली आजी गोणी घ्यायला आली. फळीकडं बघितलं, वहीकडं बघितलं, माझ्या कमरेच्या किल्लीकडं बघितलं, आणि अंगणात बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बघा, मी म्हणत नव्हते? काढलंच शेवटी दुका!”